वारा भरेपर्यंत थांबा

काकांबद्दल कुणी चांगलं बोलायला लागलं की मी चहा ठेवायला उठते. गेल्या वर्षी ते गेले, तेव्हापासून तर मला फारच चहा करावा लागतो. देवळाली कॅम्पातल्या आमच्या दगडी चर्चमध्ये त्यांच्याबद्दल वाईट बोलणारं एकही माणूस उरलेलं नाही, आणि मी एकटीनं तरी किती बोलणार? म्हणून लिहून काढते आहे. हे लिहिणं हेव्यातून आहे, हे आधीच कबूल केलेलं बरं. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, बाईंना काकांबद्दल केवढा आदर! आदरही आहे. पण तो मागाहून आला, आणि हेवा काही त्याला जागा करून द्यायला उठला नाही.

मी शाळेत संगीत शिकवते. एकोणिसाव्या वर्षापासून चर्चमधली रविवारची पायपेटी माझ्याकडे होती. पायांनी भाता हलवायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचं. कोण कुठे श्वास घेतं, कोण शेवटचं अक्षर ओढतं, कुठल्या ओळीला फौजी कुटुंबं मागे पडतात, सगळं मला पाठ. मंडळी माझ्यामागे गातात असं लोक म्हणायचे, पण खरं तर मीच त्यांच्या श्वासामागे वाजवायचे. आई पहिल्या बाकावर बसून गायची. इतक्या वर्षांत तिनं मला एकदाही "छान वाजवलंस" म्हटलं नाही. घरी आल्यावर चप्पल काढता काढता म्हणायची, "आज दुसरं गीत जरा पळवलंस गं." मी स्वतःची समजूत घातली होती, की आईला कुणाचं कौतुक करताच येत नाही.

वेदीच्या डाव्या हाताला एक भलंमोठं लाकडी धूड होतं. साहेबाच्या काळातला ऑर्गन. तो वाजताना ऐकलेलं माणूस मंडळीत कुणी नव्हतं. त्याच्या पोटात आम्ही नाताळचा तारा आणि पताका ठेवायचो. अशात काका आले. मूळचे चांदवडकडचे, जन्म गेला अंबडच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये. रिटायर झाल्यावर कॅम्पात दोन खोल्या घेऊन राहिले. एकटेच. पहिल्याच रविवारी उपासना सुटल्यावर ते त्या धुडासमोर उभे.

"हे काय हे?"

"ऑर्गन," मी म्हटलं.

"चालतो?"

"नाही."

"का?"

शंभर माणसांच्या मंडळीत हा प्रश्न आजवर कुणाला पडला नव्हता. पुढची दोन वर्षं काका रोज सायकलवरून यायचे, हँडलला हत्यारांची पिशवी आणि एक डबा. आतून उंदरांची घरटी काढली, भात्याला चांभाराकडून कातडं बेतून आणलं, एक मोटर बसवली. नळ्या एकेक करून काढायचे, जुन्या बनियनच्या फडक्यानं पुसायचे आणि बाकांवर ओळीनं निजवून ठेवायचे. आम्ही रविवारी त्या नळ्या सरकवून बसायचो. मला गंमत वाटायची. रिटायर माणसाला काहीतरी विरंगुळा हवाच, असं मी मोठ्या मनानं म्हणायचे.

मग एका रविवारी तो वाजला. काकांना वाजवायला कुणी शिकवलं नव्हतं. "उघडून पाह्यलं तर कळलं," एवढंच म्हणायचे. परीक्षा मी दिलेल्या, प्रमाणपत्रं माझ्या भिंतीवर, आणि हा माणूस पुस्तकातून बोटं शिकून आलेला. पहिल्या सुराबरोबर दगडी भिंतीतून काहीतरी सरसरत गेलं, लोक गायचे थांबून माना वळवून बघायला लागले. माझ्याकडे बावीस वर्षांत कुणी मान वळवून पाहिलं नव्हतं. आणि पहिल्या बाकावर आई पदरानं डोळे पुसत होती.

"किती गोड वाजवतो गं तो माणूस," घरी येऊन ती म्हणाली. तिला कौतुक करता येत होतं तर! मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. पुढे तिनं मोबाईलवर त्यांचं वाजवणं भरून घेतलं, नगरच्या मावशीला पाठवलं, आणि शेजारच्या मुलीकडून त्याचीच रिंगटोन करून घेतली. मी शाळेतून आईला फोन करायचे आणि घरी काका वाजायचे.

पायपेटी मागच्या खोलीत गेली. तिच्याबरोबर मीही जवळजवळ गेलेच होते. पण काकांची बोटं सकाळी आखडायला लागली होती, तेव्हा पाळकसाहेब मला म्हणाले, "बाई, काकांच्या नंतर कोण? तुम्ही जरा शिकून घ्या." मी शिकून घ्यायचं! मी हो म्हटलं ते शिकण्यासाठी नव्हे. मला माझी जागा परत हवी होती. आणि पहिल्या बाकावरच्या त्या बाईच्या तोंडून एक शब्द हवा होता.

पहिले दोन महिने त्यांनी मला एकाही पट्टीला हात लावू दिला नाही. बटण दाबायचं, मोटर घरघरायला लागली की बाजूला दोरीवर लोंबणाऱ्या शिशाच्या गोळीकडे बघत बसायचं. भाता भरला की गोळी खाली खुणेपर्यंत उतरायची. "वारा भरेपर्यंत थांबा," काका म्हणायचे. "लय घाई करता, बाई." एकदा मी गोळी निम्म्यावर असतानाच सूर धरला, तर ऑर्गन आजाऱ्यासारखा कण्हला. दुसऱ्यांदा वाजवून झाल्यावर पट्ट्यांवर बोटं असतानाच मोटर बंद केली. सगळे सूर घसरत घसरत असे काही खाली गेले, की बाहेर झाडणारी बाई धावत आली. "आधी बोटं उचलायची, मंग खुंट्या आत, मंग मोटर बंद," काका बोटं मोजून म्हणाले. "कारखान्यात उलटं केलं असतं तर बोट गेलं असतं तुमचं."

खुंट्या म्हणजे पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंना असलेल्या लाकडी मुठी. एक ओढली की नळ्यांची एक रांग जागी होते, आत ढकलली की झोपते. त्यांच्यावरची इंग्रजी नावं पुसट झाली होती, आकडे तेवढे राहिले होते. काकांनी त्यांच्यावर डॉक्टरी चिकटपट्टी लावून बॉलपेननं स्वतःची नावं लिहिली होती: मावशी, पाटील, शाळामास्तर, सर्दी. 'सर्दी' ओढली की खरंच नाकातून आवाज यायचा. मी आकड्यांचा अर्थ विचारला, तर त्यांनी मला शेवटच्या बाकाकडे पिटाळलं आणि तिथून डोळे मिटून ऐकायला लावलं.

"आठ म्हंजी आपण," ते ऑर्गनवरून ओरडून सांगायचे. "जी पट्टी दाबली, त्योच सूर. चार म्हंजी आपली पोरं, एक सप्तक वर. दोन म्हंजी शेजाऱ्याची पोरं, आणखी वर. थोडीच घरात घ्यायची, नायतर कल्ला करत्यात. सोळा म्हंजी आजोबा. लय बोलत नाय, पण बसल्याले असले की घर भरल्यावानी वाटतं."

"आणि सोळाच्या खाली?"

"बत्तीस. तो आपल्याकडं नाय. तो तोफखान्याकडं हाय."

तोफखान्याचा सराव चालू असला की चर्चच्या काचा थरथरायच्या, आणि काका वाजवता वाजवता त्या धडधडीकडे कान देऊन मान डोलवायचे. मला राग यायचा, कारण मला ते समजत होतं. इतकी पुस्तकं वाचून जे मला वर्गातल्या चाळीस मुलांना सांगता आलं नसतं, ते हा माणूस आजोबा आणि शेजाऱ्यांची पोरं आणून सांगून मोकळा व्हायचा. मी दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन हेच उदाहरण स्वतःचं म्हणून दिलं. मुलं हसली आणि त्यांना कळलंही.

पट्ट्यांच्या दोन ओळी होत्या, एकीवर एक. काका त्यांना तळमजला आणि वरचा मजला म्हणत. तळमजल्याच्या नळ्या उघड्यावर, समोरच. वरच्या मजल्याच्या नळ्या मात्र एका मोठ्या पेटीत कोंडलेल्या, त्या पेटीला झडपा, आणि झडपा उघडायला उजव्या पायाखाली एक लाकडी पावडी. ती पुढे दाबली की झडपा उघडतात आणि आवाज बाहेर येतो, मागे घेतली की मिटतात. आणि एक खुंटी अशी, की ती ओढली म्हणजे दोन्ही मजले एकमेकांना जोडले जातात. इतकं सगळं मी आठवड्यात शिकले. वहीत आकृती काढली, खुणा केल्या. मनात म्हटलं, एवढंच? यासाठी एवढा गाजावाजा?

नंतरच्या पहिल्या संधीला मी उपासनेत ऑर्गनवर बसले. हातांचं काही चुकलं नाही. पण गीत सुरू झालं आणि सबंध चर्चमध्ये आवाज मोठा होऊन लहान व्हायला लागला. मोठा, लहान, मोठा, लहान. लोक आधी गांगरले, मग त्या हेलकाव्यावर गायला लागले. माझं मला कळेना. मागून काकांची कुजबूज आली, "बाई, पाय! पाय!" खाली पाहिलं तर माझा उजवा पाय पायपेटीचा भाता हलवावा तशी ती पावडी एकसारखा हलवत होता. बावीस वर्षांची सवय. पायपेटीत पाय थांबला की सूर मेला, आणि पाय हे विसरायला तयार नव्हता.

"मला वाटलं लाईट कमी-जास्त होतेय," आई दुपारी भात वाढताना म्हणाली.

त्यानंतर काकांनी गळ्यातला मफलर काढून माझ्या हातात दिला. "बाकाच्या दांडीला पाय बांधून घ्या तुमच्या हातानं. सुटला की आपली शिकवणी संपली." मी बांधून घेतला. महिनाभर मी अशी बांधलेल्या जनावरासारखी बसून वाजवत होते. एकदा पाळकसाहेब आत आले, माझ्या पायाकडे बघितलं आणि काही न विचारता परत गेले. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "काका, पाय थांबवला की मला वाटतं सूर आता बंद पडणार."

"वारा तुमचं काम नाय," ते म्हणाले. "वारा हाय. तुम्ही तो आणत नाय. आन् ही पावडी काय आवाज वाढवती? आवाज तेवढाच असतो. तुम्ही निस्ती खिडकी उघडता."

असं काही बोलून ते डबा उघडून चपाती आणि ठेचा खायला बसायचे. आपण काही बोललो हेही त्यांच्या गावी नसायचं. मी मात्र ते घरी नेऊन रात्रभर चावत बसायचे. पाळकसाहेबांनी एकदा त्यातलं एक वाक्य उपदेशात वापरलं, काकांचं नाव घेऊन. माझं नाव घेऊन उपदेशात कधी काही आलेलं मला आठवत नाही.

त्यांच्या तऱ्हाही लोक डोक्यावर घ्यायचे. मंडळी रेंगाळली की ते गीताच्या मध्येच वाजवायचे थांबायचे, ऑर्गनपुढच्या पडद्यावरून डोकावून बघायचे आणि सगळे एका जागी आले की पुढे निघायचे. हे मी एकदा केलं असतं तर पंचकमिटीची बैठक बसली असती. मोटरची घरघर प्रार्थनेत नको म्हणून प्रत्येक गीतानंतर मोटर बंद करायचे. मग उपदेश संपला तरी वारा भरायला वेळ लागायचा आणि सगळी मंडळी उभी राहून वाट बघत असायची. पाळकसाहेब तेवढ्या वेळात सूचना वाचायला शिकले. आणि पायांनी वाजवायच्या खर्जाच्या लांब पट्ट्यांसाठी त्यांचे खास बूट होते: शाळकरी पोरांचे असतात तसे पांढरे कॅनव्हासचे, त्यांना चांभाराकडून खाली पातळ कातडं लावून घेतलेलं. ते एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात राहायचे. त्या डब्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

मी लावला. एका नाताळच्या सकाळी, आई नवं पातळ नेसून "आज काका वाजवणार ना?" असं तीनदा विचारून झाल्यावर, मी लवकर चर्चमध्ये गेले आणि तो डबा वेदीमागच्या कपाटात, जुन्या पडद्यांखाली कोंबला. पन्नाशीला आलेली बाई, संगीतशिक्षिका! काकांनी पाच मिनिटं शोधलं, मग मोजे घालून बसले. डाव्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. त्या दिवशी ते जसं वाजवून गेले तसं त्यांनी त्याआधी कधी वाजवलं नसेल. नंतर डबा काखेत मारून माझ्यापाशी आले. "कपाटात सापडला. उंदीर लय वाढल्यात, बाई." चेहऱ्यावर काही नव्हतं. त्यांनी ते कधीच कुणाला सांगितलं नाही, आणि मला त्यांचा राग धरायला एक कारण कमी झालं, याचाच जास्त राग आला.

पुढे बोटं फार आखडली तेव्हा ते आपण होऊन उठले. एका रविवारी मला म्हणाले, "बसा," आणि स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन बसले. त्या दिवसापासून ऑर्गन माझा. रविवार माझे, नाताळ माझा, लग्नं माझी. मी जिंकले होते. आई घरी येऊन म्हणायची, "आज बरं झालं." बरं झालं म्हणजे उपासना बरी झाली, की पाऊस थांबला ते बरं झालं, हे मी विचारलं नाही.

मग आई अंथरुणाला खिळली. काका दर गुरुवारी यायचे. दार लोटून दोघं बोलत बसायची. मी चहाचे कप घेऊन आत गेले की गप्प व्हायची. आईला माझ्याशी बोलायला इतकं कधी सापडलं नव्हतं. मी ओट्याशी उभी राहून कप जरा जास्तच जोरात ठेवायचे.

दोन वर्षांपूर्वी, पावसाळा सरता सरता आई गेली. दफनविधीच्या सकाळी पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं आणि आईच्या हातची एक चिठ्ठी दाखवली. अक्षर वाकडंतिकडं झालं होतं, पण वाचता येत होतं. माझ्या विधीला ऑर्गन काकांनी वाजवावा. एवढंच. माझं नाव त्यात कुठे नव्हतं.

मला रडू आलं नाही. अंगाचा नुसता भडका झाला. काकांनी सहा महिने पट्टीला हात लावला नव्हता, त्यांच्या हातून कप धरवत नव्हता, आणि तरी तेच! मी काळ्या काठाच्या पांढऱ्या साडीत तरातरा चालत ऑर्गनपाशी गेले. काका आधीच बसले होते. मोटर चालू होती.

"उठा, काका," मी म्हटलं. "माझी आई आहे ती."

"म्हणूनच नाय उठत."

"तिला माझं वाजवणं कधी आवडलं नाही, माहीत आहे मला. आजच्या दिवस तरी चालवून घेईल. उठा."

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे असं बघितलं, की मला शाळेतल्या माझ्याच एखाद्या मुलीसारखं वाटलं. मग हळू बोलले, मंडळीला ऐकू जाऊ नये इतकं.

"तुमच्या वडलांच्या टायमाला तुम्ही वाजवत होत्या. भावाच्या लग्नाला तुम्ही. मी यायच्या आधी सगळ्या नाताळांना तुम्ही. तुमची आई म्हणली, पोरगी तीस वर्षं भिंतीकडं तोंड करून बसली हाय, आन् मी तिच्या पाठीकडं बघत गाते हाय. बाप गेला तवा बी तिला रडायला मिळालं नाय, ती सूर सांभाळत होती. म्हणली, मी जाईन त्या दिवशी तिला कामाला लावू नका. त्या दिवशी तरी तिला माझ्याशेजारी बसू दे."

"मला का नाही सांगितलं तिनं?"

"तुम्ही म्हणल्या असत्या, मी वाजवते आन् बसते बी." त्यांनी एक खुंटी ओढली. "जा. आई वाट बघती."

मी गेले. पहिल्या बाकावर, आईच्या शवपेटीच्या अगदी जवळ, आयुष्यात पहिल्यांदा बसले. काकांनी सुरुवात केली. वाईट वाजवलं त्यांनी. दोन बोटं वळत नव्हती, खर्जात पाय दोनदा चुकला, तिसऱ्या ओळीला सूर राहूनच गेला. एकेक चूक मला कळत होती आणि प्रत्येक चुकीला माझे हात मांडीवर पट्ट्या दाबत होते. मग मी ते हात उचलले आणि पेटीच्या लाकडावर ठेवले. लाकूड गार होतं. दुसऱ्या कडव्याला माझा आवाज फुटला, आणि वडिलांच्या वेळचंही सगळं रडू तिथेच आलं. पाठीमागे मंडळी गात होती, कुणाच्याही श्वासाकडे मला लक्ष द्यायचं नव्हतं.

आणि तरीही, आईच्या शेजारी बसून हमसून रडताना मला त्या माणसाचा हेवाच वाटत होता. माझ्याविषयी जे काही आईच्या मनात होतं, ते सगळं तिनं त्याला सांगितलं होतं.